शाळेच्या खोल्या आणि आमची घरपट्टी

चूक माझी होती. त्या वेळी आम्ही पाच-सहाजण होतो, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, पण विचार माझा आणि शब्दही माझे. बाकीचे माझ्यावर विश्वास ठेवून मोकळे झाले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. शारजात आमच्या इमारतीत आमच्याच गावाकडची चार कुटुंबं राहायची. मी एका शिपिंग एजन्सीत टायपिस्ट. बाकीचे कुणी मेकॅनिक, कुणी ड्रायव्हर, कुणी साइटवर फोरमन. बायकामुलांचा व्हिसा कसाबसा मिळालेला, पण शाळेची फी कुणालाच झेपत नव्हती. म्हणून मुलांना घरीच शिकवायचं ठरलं. सकाळी माझी बायको मराठी आणि इतिहास-भूगोल घ्यायची, संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी गणित आणि इंग्रजी. हॉलमध्ये चटई टाकून सात मुलं बसायची. पुस्तकं गावाहून यायची. लोक मला चेष्टेने ‘मास्तर’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की शिकवण्यापलीकडच्या गोष्टींतही मी मास्तरकी करू लागलो.

त्या सात मुलांत मेकॅनिकची मुलगी सगळ्यांत हुशार. माझा मुलगा तिच्याच इयत्तेत, वयाने वर्षभर लहान, पण तिचं गणित सोडवून व्हायचं तेव्हा हा पेन्सिलीला टोक काढत असायचा. तिचं पुढचं ठरलेलं होतं. सातवीपर्यंत आमच्याकडे शिकायचं आणि आठवीला गावी आजीकडे जायचं. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, हायस्कूल खाडीपलीकडे. पण ग्रामपंचायत दोन खोल्या बांधून देणार होती, म्हणजे आठवी-नववीचे वर्ग गावातच सुरू झाले असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला आमच्या वॉर्डातून उभ्या राहिलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने हा विषय लावून धरला होता. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. बाईंचं म्हणणं सरळ होतं: घरपट्टी वाढवू, ती नीट वसूल करू आणि त्यातून खोल्या बांधू.

वाढ मुख्यतः नव्या स्लॅबच्या घरांवर होती. म्हणजे आमच्यावर. गल्फच्या पैशांवर उभी राहिलेली, निम्मी कुलूपबंद घरं.

बाईंच्या विरोधात एक ठेकेदार उभा होता. तो म्हणायचा, गल्फवाल्यांच्या घरांची पट्टी एक पैसा वाढू देणार नाही. निवडणूक जवळ आली तशी शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये चर्चा रंगू लागली.

“किती वाढणार म्हणता?” ड्रायव्हरने विचारलं.

“वर्षाला चाळीस दिऱ्हाम. म्हणजे धर चारशे-सव्वाचारशे रुपये,” मी म्हणालो.

“एवढंच? एवढ्याची तर हा महिन्याला सिगरेट ओढतो,” फोरमन ड्रायव्हरकडे बोट दाखवत म्हणाला.

सगळे हसले. तिथेच विषय संपायला हवा होता. पण मी म्हणालो, “प्रश्न चाळीस दिऱ्हामचा नाही. आपली मुलं आपण घरी शिकवतो. कुणाकडून एक खडू घेतलाय का? मग दुसऱ्यांच्या शाळेच्या खोल्या आपल्या घरपट्टीतून का?”

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं पटलं की मी ते दोनदा म्हटलं. मेकॅनिक हळूच म्हणाला, “मास्तर, पण माझ्या पोरीला...” मी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. “तिला आठवीला अजून वर्ष आहे. ठेकेदार आपल्या शब्दाबाहेर नाही. एकदा निवडून आला की त्याच्याकडून खोल्याही बांधून घेऊ, वाढ न होता.” त्यानेही मान डोलावली. शिकलेल्या माणसापुढे तो नेहमीच गप्प बसायचा.

आम्हाला काही तिथून मत देता येत नव्हतं. मतं होती गावातल्या आया-बायकांची. फोन महाग, पत्र वाचायला पुन्हा कुणीतरी लागणार. तेव्हा आमच्याकडे कॅसेट पाठवायची पद्धत होती. टेपरेकॉर्डरवर खुशाली बोलायची आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाच्या बॅगेत टाकायची. गावात ती कॅसेट घरोघरी फिरायची. मी कुणाला मत द्यायचं आणि का, हे दोन पानं भरून लिहून काढलं. मग मला वाटलं, माझा आवाज कोरडा आहे. लहान मुलीचा आवाज असला तर बायका कान देऊन ऐकतील.

मी ती पानं मेकॅनिकच्या मुलीला वाचायला दिली.

तिने स्पष्ट, न अडखळता वाचलं. “आम्ही मुलं इथे घरीच शिकतो, आम्हाला त्या खोल्यांची गरज नाही,” हे वाक्यही वाचलं. वाचून झाल्यावर मी बटण दाबून टेप थांबवला, तेव्हा तिने विचारलं, “काका, मग आठवीला मी कुठे जायचं?”

“इन्शाल्ला, तोवर बघू,” मी म्हणालो.

माझा मुलगा बाजूला बसला होता. तो म्हणाला, “पप्पा, दिस इज नॉट फेअर.” मला वाटलं, आपल्याला वाचायला दिलं नाही म्हणून रुसलाय. मी त्याला गप्प केलं.

बाई पडल्या. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. आमच्या चार घरांची मतं त्याहून जास्त होती. ठेकेदाराने घरपट्टी वाढू दिली नाही, शब्द पाळला. खोल्यांचं विचारलं तर म्हणाला, “पट्टी नको म्हणता आणि खोल्या पाहिजेत म्हणता, कसं जमवू?”

पुढच्या वर्षी मेकॅनिकचं वर्कशॉप बंद पडलं. व्हिसा खलास. महिन्याभरात तो बायकामुलांसह गावी गेला. मुलीची सातवी झाली आणि प्रश्न आला तो आठवीचा. खाडीपलीकडे होडीने जायचं, पुढे तासभर चालायचं, पावसाळ्यात होडी बंद. आजी म्हणाली, पोरीला एकटी पाठवणार नाही. मुलगी घरी बसली.

मी पत्र लिहिलं की बाहेरून दहावी देता येते, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. पुस्तकांचं पार्सल पाठवलं. पण तिला शिकवणार कोण? वर्षभराने मेकॅनिकचं पत्र आलं, त्यात सगळ्यांची खुशाली होती आणि तिच्या अभ्यासाबद्दल एक ओळ नव्हती. मीही विचारलं नाही. त्याच सुमारास माझ्या कंपनीने मुलांच्या फीसाठी भत्ता सुरू केला आणि मी माझ्या मुलाला चांगल्या शाळेत घातलं. हॉलमधली चटई गुंडाळली गेली. घरी शिकवण्यातच खरं शिक्षण आहे, असं मी कॅसेटसाठी लिहून दिलं होतं.

बाई नंतर दोन वर्षांनी वारल्या. त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत राहिलो.

मुलीचं लग्न अठराव्या वर्षी झालं. मी सुट्टीवर असताना एका दुपारी तिच्या सासरी गेलो. ओटीवर ती तांदूळ निवडत बसली होती, मांडीशी लहान मूल. मला पाहून उठली, पदर नीट केला, पाणी आणलं.

“काका, तुम्ही? पेढे घेऊन आलात वाटतं. बाबा सांगत होते, तुमच्या मुलाला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली.”

“मिळाली,” मी म्हणालो. “पेढे नाही आणले.”

“गणिताला किती पडले त्याला?”

मी आकडा सांगितला. ती नुसती “बरे आहेत” म्हणाली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. शेवटी म्हणालो, “बाळ, त्या निवडणुकीत मी चुकलो. तुझी शाळा मी घालवली आणि वर तुझ्याच तोंडून ते वदवून घेतलं. तू विचारलंस तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला ते माहीत होतं. आता काही भरून येणार नाही, तेही माहीत आहे. तरी तुझी माफी मागतो.”