कादिरकुल आबांची थंडी

हिवाळा लागला की किर्गिझस्तानातल्या बिश्केकमधली माणसं बुरुलला शिव्या द्यायला लागत. घराघरांतल्या रेडिएटरांत गरम पाणी सोडणाऱ्या कचेरीत ती तक्रारी ऐकायला बसे. फोन उचलायचा, ऐकायचं आणि ठरवायचं, हे फिटरकडे धाडायचं, साहेबांकडे, की नुसतं ऐकून घ्यायचं. इतकी वर्षं हेच करून तिचे कान किटले होते. घरी गेल्यावर नवऱ्याने हाक मारली तरी तिला नको वाटे.

त्या वर्षी कादिरकुल आबांनी तिच्या नाकी नऊ आणले. ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगा रशियात कामाला. रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "पोरी, घराचा नुसता बर्फ झालाय. माणूस राहतो इथे, मांस नाही टांगलेलं!"

फिटर विताली दोनदा जाऊन आला. "बुरुलताई, त्या रेडिएटरवर नान भाजून निघेल. म्हाताऱ्याला बोलायला कुणीतरी हवंय, बाकी काही नाही."

"मिटवून टाक तक्रार," साहेब म्हणाले.

तिने मिटवलीही असती. पण आबांचा आवाज दिवसेंदिवस जड होत चालला होता, जीभ सुजल्यासारखा. एका संध्याकाळी काम सुटल्यावर, दुखऱ्या पायांनी जिने चढत ती त्यांच्या दारात उभी राहिली.

खोलीत शिरताच तिला घाम फुटला. आबा मात्र मेंढीच्या कातड्याचा कोट घालून, टोपी कानांवर ओढून रेडिएटरला टेकून बसले होते. चेहरा सुजलेला. तिने त्यांचा हात धरला, तर तो गारठलेला.

"आबा, घर गरम आहे. गार तुम्ही पडलाय. हे आमच्याच्यानं व्हायचं नाही, डॉक्टरला दाखवा."

आबा भडकले. "आलं! शेवटी तूही टोलवलंसच. पेन्शनवाले म्हणतात पलीकडच्या खिडकीत जा, तिथला म्हणतो उद्या या. आता तू म्हणतेस दवाखान्यात जा. म्हणजे तुमचे पाईप ठणठणीत, माणूसच बिघडलेला!"

'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून बुरुलने किती फोन ठेवले असतील! त्या माणसांचं पुढे काय झालं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"उद्या सुट्टी आहे मला," ती थकून म्हणाली. "मीच नेते तुम्हाला. भांडायचं असेल तर रांगेत भांडू."

रांगेत ते भांडलेच. सगळी सकाळ गेली. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, रक्त तपासायला धाडलं. दोन दिवसांनी कळलं, आबांच्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती, म्हणूनच ती थंडी आणि सूज. आणखी उशीर झाला असता तर शुद्धच हरपली असती. आता जन्मभर गोळी.

"तुला इथे तक्रारी घ्यायला ठेवलंय की नर्स म्हणून?" साहेबांनी विचारलं. भांडायचं त्राण बुरुलमध्ये नव्हतं. तिने मान हलवली आणि फोन उचलला.

आबांचे फोन थांबले. सुरुवातीला बरं वाटलं, मग मात्र तिलाच चैन पडेना. तिने फोन लावला.

"रेडिएटर ना? बरा आहे," आबांचा आवाज मोकळा झाला होता.

"गोळी घेतली?"

"घेतली गं बाई! माझी सासूसुद्धा इतकी मागे लागली नव्हती. चहाला ये एकदा, बोरसोकच्या पुऱ्या तळतो."

"येईन, आबा," ती म्हणाली. जाणं काही व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या फोनवर एक बाई पाईप फुटला म्हणून ओरडत होती.