तुरीच्या डाळीवर घेतलेली पोरगी

बसचं दार लागलं आणि मंगेशचा फोन आला. "आई, पोरगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. निळी पडली होती. जगंल का नाही सांगता येत नाही म्हणते डॉक्टर." पुढं तो नुसता नाक ओढत राहिला. मी पांढरकवड्याच्या स्टँडवर हैदराबादच्या गाडीत खिडकीशी बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत डिंक, आळीव, घरची तूरडाळ आणि माझ्या जुन्या लुगड्याची फाडलेली दुपटी. खाली गावातल्या दोघी-तिघी पोचवायला आल्या होत्या. त्यातली एक हात हलवून ओरडत होती, "शोभाबाई, नाव काय ठेवलं ते फोन करजा बरं!" तिकडे पोरीला श्वास घेता येईना आणि हिला नाव पाहिजे होतं. मी काच ओढून घेतली.

असं मी गाव सोडलं. निरोप नाही, रडणं नाही. महिन्याभरासाठी निघाले होते आणि आता परत जाण्याचं कोणी विचारतसुद्धा नाही. विचारता फक्त तुम्ही, गावातल्या बाया. फोनवर प्रत्येकीचं एकच, हैदराबादले कशी राह्यतं, नातीचं नाव असं कसं, घराले कुलूप लावून करमते काय. प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही. मी चौथी शिकले आहे, लिहिता येतं, म्हणून एकदाच लिहिते. माझ्यासारख्या ज्या लेकाच्या मागे शहरात गेल्या त्यांनीही वाचावं. त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

मंगेशला या आधी एक मुलगा झाला होता. तो पोटात होता तेव्हाच नवराबायकोनं त्याचं नाव ठरवलं. मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते. मुलगा झाल्याबरोबर मंगेशनं लाकडाची रंगीत इंग्रजी अक्षरं आणली आणि पाळण्याच्या खोलीत भिंतीवर स्क्रूनं बसवली. पोर दवाखान्यातून घरी आलंच नाही. अक्षरं नंतर काढली, पण भोकं बुजवायचं दोघांनाही सुचलं नाही. मी बसमधून उतरून त्या खोलीत पिशवी ठेवली तर समोर भिंतभर भोकं. मला इंग्रजी येत नाही. तरी तिथं काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं. ते नाव मी इथं लिहीत नाही.

इतकं झाल्यावर माणसानं शहाणं व्हावं की नाही? मी दवाखान्यात पोचले तर पोरगी काचेच्या पेटीत, नाकात नळी, हाताला पट्टी, पट्टीवर फक्त आईचं नाव. आणि बाहेर बाकावर बसून माझा इंजिनिअर लेक फोनमध्ये नावं पाहत होता. तिकडून यवतमाळहून विहीणबाईंचा फोन, पंचांगात ज अक्षर निघतं. विहीणबाईंचं घर पिढ्यान्‌पिढ्या कचेरीत नोकरी करणारं, त्यांना अक्षराशिवाय पोर झालेलं चालत नाही. वरून मंगेशनं कोणी आकड्यांचा शास्त्री गाठला होता. तो म्हणे, नावाच्या शेवटी एक ए जास्त लावा, भाग्य उघडेल. मी म्हटलं, छाती उघडू दे आधी.

शेवटी नाव निघालं, ज्ञेया.

"म्हंजे काय बे?" मी विचारलं.

"थांब आई, पाहून सांगतो." त्यानं फोनात पाहिलं. "जाणून घेण्याजोगी."

"आधी जगण्याजोगी होऊ दे. मंग घेजो जाणून."

नाव ठेवलं ते ठेवलं, पण ते कोणाला वाचता येईना. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं पाहून एक नर्स म्हणायची ग्नेया, दुसरी डनेया, डॉक्टरनं तर दोन्ही सोडून बेबी म्हणायला सुरुवात केली. तो एकटाच त्यात शहाणा. मंगेश प्रत्येकीला थांबवून शिकवायचा, सिस्टर, ऐसा नहीं, ऐसा. पोरीच्या नाकात नळी आणि बाप उच्चार शिकवतो. मला वाटायचं, याला उचलून घाटंजीच्या बाजारात उभा करावा आणि म्हणावं, सांग आता इथं सगळ्यांना.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मंगेशला दिसत नव्हती. पल्लवी, माझी सून, पोरीला पाहायला आत जात नव्हती. तिची खाट वरच्या मजल्यावर होती. चाकाच्या खुर्चीवर बसवून खाली आणत, काचेच्या दारापर्यंत ती येई आणि तिथून परत फिरवा म्हणे. डॉक्टरनं सांगितलं, आईनं हात लावला पाहिजे, पोरगी आईच्या अंगाला लागली पाहिजे, दूधही त्यानंच येईल. पल्लवी मान हलवी आणि परत फिरे. दूध येत नव्हतं. पोरगी वजन घेत नव्हती. मंगेश म्हणे, "पल्लू, तिला नावानं हाक तरी मार." ती त्याच्याकडे अशी पाही की मी त्याच्या जागी असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

मागच्या वेळी ती आत गेली होती. पेटीवर हात ठेवून दिवसभर त्या पोराला नावानं हाका मारत होती.

मला सुनेबद्दल फार काही चांगलं वाटायचं असं नाही. यवतमाळची शिकलेली पोरगी, भाजीत तेल मोजून टाकणारी. माझ्या हातचं खाताना चेहरा धरून ठेवायची. पण एका दुपारी परत फिरताना माझ्या बाकाशी खुर्ची थांबवून तिनं विचारलं, "आई, तुमचं लग्नाआधीचं नाव वेगळं होतं ना? मंगेश एकदा हसत सांगत होता."

हसत सांगत होता. ऐका.

माझं नाव उकंडी. आमच्याकडे उकंडा म्हणजे घरामागचा शेणाकचऱ्याचा ढीग. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली. तिघांचीही नावं देवादिकांची होती. मी झाले तेव्हा आईनं मला सुपात घातलं आणि उकंड्यावर ठेवून आली. शेजारणीनं मला उचललं, कचऱ्यात सापडलं म्हणून आपल्या घरी नेलं. मग आई तिच्या दारात गेली आणि सूपभर ज्वारी देऊन मला विकत आणलं. म्हणजे मी आईची नाही, कचऱ्यातली, ज्वारीवर घेतलेली. माझ्यावर कोणाचा डोळा कशाला जाईल? आई नेहमी म्हणायची, "देवाच्या मनात भरंल असं नाव ठेवाच कायले? त्याले नेयाले सोपं होते."

पुढे लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं शोभा लिहिलं. सासू म्हणाली, या घरात उकंडी-बिकंडी चालणार नाही. मला कोणी विचारलं नाही. दोन्ही वेळा विचारलं नाही. माझ्या नावाचं माणूस त्या दिवशी तांदळाखाली गेलं. माहेरी भाऊ तेवढा उकंडे म्हणून हाक मारायचा, तोही आता नाही.

हे मी पल्लवीला सांगितलं आणि वर म्हटलं, "हे अडाणी लोकांचे धंदे आहेत. तेव्हा दवाखाना नव्हता, म्हणून पोरं मेली. नावानं काही मेली नाहीत."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला तो अडाणीपणाच करायचा आहे. उद्या येताना गावची डाळ आणा."

दुसऱ्या दिवशी मी डाळ नेली. पोरगी काही पेटीतून बाहेर काढता येत नव्हती. म्हणून तिच्या जागी पल्लवीनं तिच्यासाठी विणलेली टोपी आणली होती, कोरी, अजून डोक्याला न लागलेली. खुर्ची ढकलत आम्ही लिफ्टजवळ गेलो. तिथं कचऱ्याचे डबे. लाल, पिवळा, निळा. इतकं ठरवून आलेली बाई तिथं अडली.

"आई, कोणत्या डब्यात? पिवळ्यात बँडेज टाकतात."

"उकंड्याले रंग नसते बाई. झाकणावर ठेव अन् हो बाजूले."

तिनं टोपी झाकणावर ठेवली आणि आम्ही खांबाआड झालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीची बाई मी, हैदराबादच्या दवाखान्यात कचऱ्यावर नजर ठेवून उभी. तेवढ्यात झाडूवाली आली. यादम्मा तिचं नाव, माझ्याच वयाकडे झुकलेली, पायात घट्ट जोडवी. तिनं टोपी उचलली, इकडेतिकडे पाहिलं, आम्ही दिसलो.

"क्या अम्मा, नई टोपी है. कचरे में कैकू डाले?"

पल्लवी हिंदीत म्हणाली, "मेरी बेटी की है. फेंक दी."

मला वाटलं आता ही चार माणसं गोळा करते. तिनं पल्लवीकडे पाहिलं, मग काचेच्या दाराकडे पाहिलं, मग टोपी आपल्या कमरेला खोचली.

"पहले वाला गया क्या?"

पल्लवीनं होय म्हणून मान हलवली.

"हौ. हमारे में भी करते. मेरे भाई का नाम पेंटय्या. पेंटा बोले तो कचरे का ढेर. सात गाँव में उसके जैसा तगड़ा नै था." आणि कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. "अब बच्ची मेरी है. होना तो दाम देव."

मी पिशवी उघडून मूठभर डाळ तिच्या पुढे केली. तिनं डाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"इत्ती सी दाल में बच्ची? नक्को. रखो तुम्हारी दाल."

"बाई, घरच्या वावरातली आहे," मी म्हटलं. तिला मराठी किती कळली कोण जाणे.

"तो? घर की है तो और डालो. कैसी सास है अम्मा तुम्हारी, पोती के लिए कंजूसी करती."

आणि पल्लवी हसली. घरात एवढं होऊन गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. हसता हसता तिनं माझ्या हातातून पिशवीच ओढून घेतली आणि सगळी डाळ यादम्माच्या पदरात ओतली. यादम्मानं टोपी काढून तिच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, "लेव. कचरे की है. तुम्हारी नै. जाके देखो."

तेवढ्यात मंगेश आला. सुशिक्षित माणूस, त्याला पहिलं सुचलं ते इन्फेक्शन. "आई, हे काय करून राह्यली तू? पल्लवी, ती टोपी आत न्यायची नाही." मी म्हटलं, "टोपी नाही नेत पल्लवी. ते सोता जाते आत."

आणि ती गेली. हात धुऊन, वरून दवाखान्याचा झगा घालून, खुर्ची दाराशी सोडून भिंतीला धरत गेली. काचेतून मला दिसत होतं. तिनं पेटीच्या भोकातून हात घातला, पोरीच्या पाठीवर ठेवला आणि ओठ हलवले. नर्सनं बाहेर येऊन मंगेशला विचारलं, ये क्या नाम बुला रही है मॅडम, कागज पे तो दूसरा है. त्यानं कपाळावर हात मारला. आता याचा उच्चार शिकव म्हटलं मी.

टोपीनं पोरगी वाचली असं मी म्हणणार नाही. गावात कोणी तसं सांगत असेल तर तिला माझ्याकडे पाठवा. पोरगी वाचली ती मशीननं, डॉक्टरनं आणि आईच्या दुधानं. दूध आलं ते आई आत गेली म्हणून. आई आत गेली ते कशानं, ते तुम्ही ठरवा. मला वाद घालायचा नाही.

बारसं झालं तेव्हा विहीणबाईंनी यवतमाळहून नावाचा बोर्ड करून आणला, फुलांचा. नेरचे पाहुणे ग्यानेया म्हणाले, शेजारच्या तेलुगू बाया ज्नेया म्हणाल्या, आणि विहीणबाई पेढ्याचं ताट घेऊन प्रत्येकाची जीभ दुरुस्त करत फिरत होत्या. पल्लवी शांत बसून पोरीला पाजत होती. पोरगी रडली तेव्हा भर बैठकीत म्हणाली, "ओ उकंडे, थांब ना." विहीणबाईंच्या हातचं ताट वाकडं झालं. "पल्लवी, लोकांना काय सांगायचं?" पल्लवी म्हणाली, "सांगा, तुरीच्या डाळीवर घेतली." माझी सून मला त्या दिवशी पहिल्यांदा बरी वाटली. तिला हे मी सांगितलेलं नाही.

भोकं अजून भिंतीत आहेत. मंगेशनं एकदा नवीन अक्षरं आणली होती, ज्ञेयाची, ए जास्तीचा लावून. ती खोक्यातच आहेत. पल्लवीनं लावू दिली नाहीत.

आता घराचं विचारता तर ऐका. गावचं घर बंद आहे, वावर बटईनं, अर्ध्या पिकावर दिलं आहे. आठवण येत नाही असं नाही, पण आठवण येऊन काय होतं? इथं मला आंटी म्हणतात, अम्मा म्हणतात, नानी म्हणतात, कोणाला नाव माहीत नाही आणि मीही सांगत नाही. यादम्मा सणाला येते, अजून म्हणते डाळ कमी दिली. संध्याकाळी खाली मुलं खेळतात. शाळेतल्या बाईंनी आमच्या पोरीला ज्ञेया, ग्नेया, काय म्हणायचं ते म्हणावं, ती वळून पाहत नाही. मग वरच्या गॅलरीतून पल्लवी हाक मारते, "उकंडे!" आणि खालची पोरगी वर पाहते आणि बाकावर बसलेली मीसुद्धा वर पाहते.

आईची तिघं गेली. मंगेशचं एक गेलं. आम्ही दोघी जगलो.