ब्रेक तळहातात असतो

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरलं की नाडकर्णीकाका थेट काचेच्या कपाटाशी जायचे आणि त्यातलं गळाच्या काठीला लावायचं सगळ्यात महाग रीळ मागून घ्यायचे. विकत घ्यायचं नसायचंच. ते रीळ कानाला लावायचे, डोळे मिटून त्याची मूठ हळूहळू फिरवायचे आणि दुकानदार ग्रॅहम काउंटरवर कोपरं टेकून निकालाची वाट बघत राहायचा. "लव्हली हार्ट," काका शेवटी म्हणायचे, "बट आय कान्ट अफोर्ड द पेशंट." मग रीळ परत कपाटात जायचं. बारा वर्षं मी हा विनोद ऐकला. ग्रॅहम त्याच्याही आधीपासून ऐकत होता, तरी दर वेळी हसायचा.

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. लँकॅशरमधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी पस्तीस वर्षं ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारे डॉक्टर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन स्टॉकपोर्टला राहायला आले. मी मँचेस्टरला सॉफ्टवेअरमधली नोकरी धरून एकटीच त्यांच्या शेजारच्या घरात आले, तेव्हा बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिल्याच रविवारी कुंपणावरून तळलेल्या बांगड्याचा वास आला आणि त्यापाठोपाठ आवाज आला, "मराठी ना गं तू? फोनवर ओरडतेस ते सगळं ऐकू येतं आम्हाला. जेवायला ये." मी गेले. शीलाकाकूंनी ताटात दोन बांगडे वाढले आणि काकांनी जेवण होईपर्यंत मला सॅमनबद्दल इतकं सांगितलं, की घरी येऊन मला समुद्राची स्वप्नं पडली.

सॅमन धरायला जाण्याला ते फिशिंग म्हणत नसत. त्यांचा शब्द गावाकडचा होता. "उद्या गरवायला जाऊया," असं म्हणायचे आणि सकाळी सहाला दारात उभे. लहानपणी वेंगुर्ल्याच्या खाडीवर ते बाटलीला तंगूस गुंडाळून गरवायला बसत. म्हणजे रिकाम्या बाटलीवर नायलॉनची दोरी गुंडाळलेली, तिच्या टोकाला गळ. "माझं पहिलं रीळ म्हणजे सोड्याची बाटली. त्यावर मी हातभर लांब मासे काढलेत. आणि हा ग्रॅहम मला सांगतो, याचं अलॉय विमानात वापरतात म्हणून! पस्तीस वर्षं मी लोकांना भूल दिली. मला हा काय देणार?"

त्यांचं स्वतःचं रीळ जुनं, काळं, कडा झिजलेलं होतं. हॉस्पिटलातल्या एका पोर्टरकडून पहिल्या वर्षी घेतलेलं. दोर बाहेर धावायला लागला की ते करकर आवाज करायचं, पण त्याला ब्रेक असा नव्हताच. मासा पळाला की फिरत्या कडेवर तळहात टेकवायचा. जास्त टेकवला तर दोर तुटतो, कमी टेकवला तर मासा सगळा दोर घेऊन जातो. महागड्या रिळांमध्ये हे काम आतली बंदिस्त चकती करते. बाहेर एक खुंटी फिरवून ठेवली की झालं. काकांना ते मान्यच नव्हतं. "ब्रेक तळहातात असतो, डब्यात नाही," ते म्हणायचे. कुठल्याही नव्या रिळाला ते डबा म्हणत.

माझं पहिलं रीळ त्यांनीच निवडलं. मला बोनस मिळाला होता आणि मी भारीतलं घ्यायला तयार होते. काकांनी अर्धा तास ग्रॅहमचं कपाट रिकामं करून काउंटर भरून टाकला. दोर किती मावतो बघ, म्हणाले. सॅमन एकदा निघाला की थांबत नाही. काठीला लावून एका बोटावर तोलून बघ. पुढे झुकता कामा नये, नाहीतर दुपारपर्यंत खांदा जाईल. चाक हलवून बघ, डुगडुगतं का. एवढं जमलं की झालं, त्यापुढचे पैसे हे मालकाला बरं वाटावं म्हणून असतात. शेवटी त्यांनी मधल्या फळीवरचं एक साधं रीळ माझ्या हातात दिलं आणि उरलेल्या पैशांचे चांगले रबरी बूट घ्यायला लावले. "पाय कोरडे असले की माणूस नदीत टिकतो. रीळ काय, नदीला दिसत पण नाही."

आम्ही ल्यून नदीवर जायचो. मोटरवेने तासभर, मग मेंढ्यांच्या कुरणातून चालत. छातीपर्यंतचे बूट घालून गार पाण्यात उभं राहायचं, पिसं आणि दोऱ्याची खोटी माशी पाण्यावर फेकायची, वाहू द्यायची, दोन पावलं पुढे सरकायचं, पुन्हा फेकायची. दिवसच्या दिवस काही लागायचं नाही. पहिल्या दोन वर्षांत मला एकही सॅमन मिळाला नाही आणि तरी दर शनिवारी मी जात होते, हे ऑफिसात कुणाला सांगितलं तर लोक काळजीने बघायचे.

आणि मिळाला तरी खायचा नाही. सॅमन पकडला तर सोडून द्यायचा, असा तिथला नियम. "सारस्वताच्या पोटी जन्म घेऊन मासा सोडून येतात," शीलाकाकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "अहो, निदान फोटो तरी काढून आणा, मी त्याला मसाला लावते." काका फोटोसुद्धा काढत नसत. मासा पाण्याबाहेर न काढता, दोन्ही हातांवर प्रवाहाकडे तोंड करून धरायचे. त्याच्यात दम येईपर्यंत वाट बघायचे आणि त्याने शेपूट हलवली की हात काढून घ्यायचे. "जा रे बाबा, घराक जा," एवढंच म्हणायचे. ऑपरेशननंतर पेशंटला जागं करताना ते असेच बोलत असणार, असं मला नेहमी वाटायचं.

आता मी जे सांगणार आहे ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बाराव्या वर्षी वसंतात काकांनी गाडी चालवणं सोडलं. चष्म्याचा नंबर वाढला म्हणाले. मी चालवायला लागले. मग ते माश्या बांधायलाही मला देऊ लागले. "तुझ्या गाठी अजून कच्च्या आहेत. प्रॅक्टिस कर." मी खूश होऊन दोघांच्याही बांधायचे. काकू त्यांना चहा अर्धा कप द्यायला लागल्या होत्या. नदीवर जरा बसलो की काकांचा उजवा हात जॅकेटच्या खिशात जायचा आणि मी म्हणायचे, "काका, हातमोजे घ्या ना एकदाचे." मी कोडमधली एका स्वल्पविरामाची चूक शोधून काढणारी बाई. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला काही दिसलं नाही.

सप्टेंबरात आम्ही ग्रॅहमकडे गेलो. काकांनी नेहमीप्रमाणे बंदिस्त ब्रेकचं ते भारी रीळ मागितलं. पण कानाला लावलं नाही. डाव्या हातात धरून बराच वेळ बघत राहिले. ती ब्रेकची खुंटी त्यांनी अंगठ्याने फिरवली, सैल केली, पुन्हा आवळली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तुला काय वाटतं? इज इट वर्थ इट?"

बारा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा मत विचारलं होतं. मला वाटलं, आज ते विनोद माझ्याकडून वदवून घेणार. मी छाती फुगवून म्हणाले, "काका, ब्रेक तळहातात असतो, डब्यात नाही!" आणि ग्रॅहमला त्याचं इंग्रजी करून सांगितलं. ग्रॅहम खो खो हसला. काकाही हसले. जरा उशिराच हसले. "बरोबर आहे," म्हणाले आणि रीळ हलकेच काउंटरवर ठेवलं. आम्ही माश्यांचं एक पाकीट घेतलं आणि बाहेर पडलो.

ऑक्टोबरअखेर नदी मासेमारीला बंद होते. शेवटच्या शनिवारी दुपारी काकांच्या काठीला मासा लागला. आधी काही कळलंच नाही, दोर नुसता जड झाला. मग ते जुनं रीळ असं करकरलं, की पलीकडच्या काठावरच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. एकदा तो पाण्यावर आला तेव्हा मी किंचाळले. एवढा मोठा मासा मी ल्यूनमध्ये पाहिलेला नव्हता, आणि काकांनीही नाही. "तळहात, काका, तळहात!" मी ओरडले. त्यांनी तळहात टेकवला. मासा पुन्हा खाली जोरात पळाला, आता हात सैल सोडायचा क्षण होता. हात सुटला नाही. तो रिळाच्या कडेवर नुसता आवळून बसला होता, आणि काका त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखे बघत होते. काड् असा आवाज झाला. दोर हवेत येऊन लोंबायला लागला.

काका पाण्यातच उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "मोठा होता ना?" मी म्हटलं, "खूप. पुढच्या वर्षी आणखी मोठा धरू." ते म्हणाले, "हो, हो." परतताना मोटरवेवर ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, झोपलेत.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा काका आंघोळीला गेले होते. शीलाकाकू स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. मी त्यांना तो मासा कसा सुटला हे रंगवून सांगायला लागले. काकूंनी कोथिंबीर खाली ठेवली. "अगं, त्यांना पार्किन्सन्स आहे. दोन वर्षं झाली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये मला. म्हणतात, तिला कळलं तर ती मला नदीवर न्यायची बंद होईल." मग म्हणाल्या, "ते ब्रेकवालं रीळ घेईन म्हणून गेले होते त्या दिवशी. घरून ठरवून गेले होते. आले तसे म्हणाले, पोरीने माझंच वाक्य मला ऐकवलं, मग कुठल्या तोंडाने घेऊ?"

मी तशीच उठून गाडीत बसले आणि ग्रॅहमकडे गेले. दुकान बंद व्हायला आलं होतं. मी ते ब्रेकवालं रीळ मागितलं, त्याने कपाट उघडलं.

रीळ मी काकांसमोर टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं. काकू गॅसकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते उचललं, कानाला लावलं, मूठ फिरवली. "याला आवाजच नाही गं," म्हणाले. नदी उघडायला फेब्रुवारी उजाडणार होता. एवढे दिवस कोण थांबणार? रीळ काठीला चढवून आम्ही मागच्या अंगणात गेलो. काका स्लिपर घालून दारात काठी धरून उभे राहिले, दोराचं टोक मी मनगटाला बांधलं आणि पळत सुटले. मी सॅमन झाले. कुंपणापर्यंत पळाले, वळले, पुन्हा पळाले; दोर माझ्या मागून एकसारखा येत होता, हिसका नाही, तुटणं नाही. काकांचा उजवा हात खिशात होता आणि रीळ आपलं आपण ब्रेक लावत होतं. "पळ, पळ! अजून दम आहे तुझ्यात!" ते ओरडत होते. काकू खिडकीतून बघत होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, ऑफिसचे कपडे, चिखलात माखलेली.

शेवटी त्यांनी मला हळूहळू गुंडाळत पायरीशी आणलं. मी धापा टाकत होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी दुकानात मी..." त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तू पाठांतर चांगलं केलंस. मास्तरच चुकला होता. हात धड असेल तोवर हे रीळ म्हणजे चैन. हात गेला की मग कितीलाही मिळो, स्वस्त आहे. हे मला आधी कळायला हवं होतं, मी डॉक्टर ना!" मग माझ्या मनगटावरची गाठ सोडवायला लागले. बोटांना जमत नव्हतं. मी मदत केली नाही, तसाच हात धरून उभी राहिले. खूप वेळाने गाठ सुटली. त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांत धरलं, आणि मग हात काढून घेतले. "जा गो, घराक जा. थंडी पडलीय."

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. नऊ दिवसांत गेले. ते रीळ कधी पाण्याला लागलंच नाही.

मी त्या एका वाक्याबद्दल स्वतःला माफ केलेलं नाही. तो मासा त्यांच्या हातून सुटला नाही, माझ्या तोंडून सुटला. लोक म्हणतील, तुला काय माहीत होतं? माहीत नव्हतं हे खरंच. पण बारा वर्षं ज्या माणसाच्या शेजारी उभं राहून मी त्याच्या हातांकडे बघून शिकले, त्याच्या हातांकडे मी त्या दिवशी बघितलं नाही.

गेल्या महिन्यात ग्रॅहमकडे माश्या घ्यायला गेले होते. साठीतला एक माणूस तेच भारी रीळ हातात घेऊन उभा होता. ग्रॅहमने माझ्याकडे बोट दाखवलं, तिला विचारा म्हणाला. त्या माणसाने विचारलं, "इज इट वर्थ इट?" मी म्हटलं, "आधी तुमचे हात दाखवा." तो गोंधळला, पण रीळ ठेवून त्याने दोन्ही हात पुढे केले. मी बघितले. दणकट, स्थिर हात होते. मी म्हटलं, "मग मधल्या फळीवरचं घ्या," आणि माझ्या माश्या काउंटरवरच विसरून बाहेर आले. थोड्या वेळाने ग्रॅहम पाकीट घेऊन आला. गाडीच्या काचेवर टकटक केली, आणि मी काच खाली घेईपर्यंत पावसात तसाच उभा राहिला.