पाटावरचा पाय

श्री गेल्याचं मला कळलं तेव्हा मी पाटणकर बाजारात भाजणी घेत होते. कळलं म्हणजे बंटीचा फोन आला. बंटी हा श्रीच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. एरवी फोनवर इतकं बोलतो की ऐकणाऱ्याला कान बदलावा लागतो, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "दीदी, दादा गिर गए हैं. आप आ जाइए." मी पिशवी दुकानातच विसरले आणि नई सडकेकडे चालत सुटले, कारण त्या गर्दीत रिक्षापेक्षा आपले पायच बरे. पोचले तेव्हा बँडमधली पोरं श्रीला चादरीत घालून तिसऱ्या मजल्यावरून खाली आणत होती. जिना इतका अरुंद की प्रत्येक वळणावर चादर तिरपी करावी लागत होती... आणि दर वेळी त्याचा उजवा हात बाहेर पडायचा, बंटी तो पुन्हा आत घ्यायचा. इस्पितळ गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मेंदूचा झटका, असं डॉक्टर म्हणाले. पुढचे चार दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस आत्याला, म्हणजे श्रीच्या आईला, विचारत होता, असं अचानक कसं हो झालं? मी चहाचे कप उचलत राहिले. अचानक झालेलं नव्हतं, आणि हे आत्याला कळू द्यायचं नाही असं मी श्रीला वचन दिलं होतं.

श्रीकांत माझा आतेभाऊ, माझ्याहून दीड वर्षानं लहान. मला ताई म्हणायचा ते काही काम असलं तरच, एरवी नावानं हाक. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे ग्वाल्हेरला आले ते दरबारात कारकुनी करायला, आणि त्यानंतर घराण्यात कुणी खुर्ची सोडली नाही. मी शाळेत गणित शिकवलं, श्री इंदरगंजातल्या एका विम्याच्या कचेरीत चिकटला. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, आमच्या घरात आधीच एक बाई गाते आणि एक ओरडते. गाणारी म्हणजे त्याची आई, माझी आत्या. ओरडणारी मी. पाच वाजता कचेरी सुटली की हा माणूस गिटार पाठीला लावून नई सडकेवरच्या एका दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचा. तिथे त्यांच्या तालमी चालत, म्हणून बँडचं नाव तिमंजिला. श्री सोडला तर सगळी तिशीच्या आतली पोरं. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं या पोरांत काय करावं, असं आमच्या नातलगांत बरंच बोललं जायचं. बोलणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला सांगू.

त्यांचं वाजवणं मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण त्याची तऱ्हा कळली. गाणं कुठून सुरू करायचं एवढंच ठरलेलं असे. पुढे ते कुठे जाईल, किती वेळ चालेल, कुठे संपेल, काही ठरलेलं नसायचं. एकच गाणं कधी कधी अर्धा-पाऊण तास चाले. इतकी माणसं एकमेकांना न विचारता वाजवत सुटलेली असताना भरकटत कशी नाहीत, असं मी एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, "पाट आहे ना." हा पाट म्हणजे आत्याच्या स्वयंपाकघरातला, जेवायला बसायचा, पितळी फुल्या ठोकलेला. लहानपणी आत्या सकाळी पोळ्या करताना भजनं म्हणायची आणि श्री शेजारी उभा राहून त्या पाटावर उजव्या पायानं ठेका धरायचा. मोठेपणी त्यानं तोच पाट उचलून स्टेजवर नेला. स्टुलावर बसायचं, उजवा पाय पाटावर, पाटाखाली एक जुना माईक चिकटवलेला. त्या पायाचा धप धप आवाज सगळ्या बँडच्या पोटात असायचा. हात थांबला तरी पाय चालू असेल तर गाणं चालू, पाय थांबला की सगळ्यांनी थांबायचं, हा त्यांचा एकमेव नियम. ऐकायला येणाऱ्या पोरांनाही तो ठाऊक होता. तीही मैदानात त्या ठेक्यावर पाय आपटत. हिंदी घरांतली पोरं, पण पाट हा शब्द मात्र आमचाच वापरायची.

मागच्या हिवाळ्यात, एका कॉलेजच्या मैदानावर, गाणं ऐन रंगात असताना श्रीचा हात थांबला आणि पाठोपाठ पायही थांबला. नियमाप्रमाणे बंटीनं काठ्या वर धरल्या, बाकीच्यांनी तारांवर तळवे ठेवले. सगळं मैदान गप्प झालं. श्री मान खाली घालून बसलेला. किती वेळ गेला कोण जाणे, बघणाऱ्यांना फार मोठा वाटला असणार. मग त्याचा पाय पाटावर पडला, एकदा, दोनदा, आणि बँड असा काही उसळला की पोरं वेडी झाली. मी तिथे होते, शाल गुंडाळून, मागच्या रांगेत. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं वाजवणं आवडलं. दुसऱ्या दिवशी ते चित्रण जो तो एकमेकाला पाठवत होता. पोरांनी त्याला नावही दिलं, सन्नाटा. इतका मोठा कलाकार की आवाज न करता वाजवतो, असं काय काय लिहिलं. झाशीहून, आग्र्याहून पोरं तेवढ्यासाठी यायला लागली.

श्री माझ्याकडे आला तो तिसऱ्या दिवशी. चहा घेतला, कप डाव्या हातात धरला. ताई म्हणाला, तेव्हाच मी समजले की काहीतरी आहे. मैदानावर थांबला तेव्हा त्याचा उजवा हात आणि उजवा पाय गेले होते. हलवा म्हटलं तरी हलेनात. आपलेच आहेत असंही वाटेना. मग जसे गेले तसे परत आले. आणि समोर सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्याला झाशीला नेलं. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींत कुणी शिंकलं तरी गणपतीच्या मंडपात त्याची चर्चा होते, म्हणून एका लग्नाचं निमित्त सांगून आम्ही तिकडच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा इशारा आहे. रक्तदाब फार आहे, गोळ्या चुकवू नका, मीठ कमी करा, जागरणं आणि कार्यक्रम काही महिने बंद. श्री गोळ्या घेत होता, ते मी स्वतः बघितलं आहे. कार्यक्रम मात्र त्यानं बंद केले नाहीत. आणि आईला यातलं काही सांगायचं नाही, यावर तो अडून बसला. नवरा असाच झटक्यानं गेलेला, आता मुलाचंही ऐकलं तर ती रात्रभर माझ्या खाटेपाशी बसून राहील, म्हणाला. मिठाचं काय करणार, विचारलं तर म्हणाला, कमी घाल म्हटलं की ती कारण विचारणार, त्यापेक्षा दोन घास कमी खाईन. पुढे महिनाभरानं मला भेटला तेव्हा हसत होता. आई आता म्हातारी झाली ग, मीठ घालायला विसरते, आमटी अगदी अळणी, आपलं कामच झालं.

त्यानंतरचं ते वर्ष फार वाईट गेलं. कार्यक्रम कुठलाही असो, पोरं ओरडायची, दादा, सन्नाटा! आणि श्रीला थांबावं लागायचं. त्याला जे घाबरवून गेलं होतं तेच त्याच्याकडे मागितलं जात होतं, तेही प्रेमानं, हात जोडून. मी चिडून म्हटलं, सांगून टाक त्यांना, काय तमाशा लावलाय. तो गिटारची तार पुसत होता. "ताई, त्या दिवशी मी थांबलो नव्हतो, थांबवला गेलो होतो. आता मी स्वतः थांबतो, आणि दर वेळी मनात येतं... पुन्हा सुरू होईल ना?" मग लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागला. त्याचा हा प्रश्न मी कितीतरी दिवस मनातून काढू शकले नाही. अजूनही नाही.

तो गेल्यावर महिना झाला असेल, बंटी आणि पोरं आत्याकडे आली. दादांसाठी कार्यक्रम करायचा आहे, त्याच मैदानावर. स्टुल रिकामं ठेवू, पुढे पाट ठेवू, आणि मध्ये सन्नाटा करू, सगळं मैदान उभं राहील. बंटी हे सांगताना रडत होता, त्याचं काही चुकत नव्हतं. पण ज्या क्षणी माझ्या भावाचं मरण पहिल्यांदा त्याच्या अंगावर हात ठेवून गेलं, त्या क्षणाचा उत्सव होणार, आणि त्याची आई पहिल्या रांगेत बसून तो बघणार. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. आणि कारण सांगितलं की या बाईला कळणार की मुलगा वर्षभर आजारी होता, सगळं शहर त्या आजाराला टाळ्या देत होतं, आणि आपल्याला कुणी सांगितलंही नाही. मी कसंबसं म्हटलं, आत्या, तुला झेपणार नाही, थंडी आहे. आत्यानं ऐकून घेतलं. मग उठून पाट आणला, ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि बंटीच्या हातात दिला. परत आण, मला लागतो, एवढंच म्हणाली.

मैदान भरून गेलं होतं. पोरांच्या अंगात पाटावरच्या पायाचं चित्र छापलेले सदरे होते. अनवाणी पावलाचं ते चित्र बघून आत्या म्हणाली, नखं बरी काढली आहेत. बँडनं सुरुवात केली तसे सगळे नाचायला लागले. ओळखपाळख नसलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून श्रीचं नाव घेत होती. एक मुलगी येऊन आत्याच्या पाया पडली आणि हुंदके देत पुन्हा नाचायला गेली. मला हे सगळं गोड वाटायला हवं होतं. मला फक्त पुढे काय येणार ते दिसत होतं. आणि ते आलंच. बंटीनं काठ्या वर धरल्या. सगळे थांबले. पोरांनी मोबाइलचे दिवे लावून हात उंच केले आणि मैदानात खोकल्याचासुद्धा आवाज राहिला नाही. स्टेजवर तो रिकामा पाट. मी आत्याकडे बघायचं टाळत होते. तिनं माझा हात धरला आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तो आपल्या मनानं थांबला ना, की अंगठा वर असायचा त्याचा. बच्चा होता तेव्हापासून. त्या दिवशी पाऊल सपाट पडलं होतं ग... पाटावरून घसरलं सुद्धा."

मी वळून तिच्याकडे बघितलं. तिनं पहिल्या सन्नाट्याचं ते चित्रण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर बघितलं होतं, आणि पुन्हा दाखव म्हणून फक्त पायाकडे बघत राहिली होती. याच्या वडिलांचा पायही आधी असाच गेला होता. मग बोलली का नाहीस, असं मी कुजबुजले. आवाजात राग होता, तो कुणावर होता ते मला ठाऊक नाही.

"तो किती मेहनतीनं लपवून राहिला होता. म्हटलं, असू दे, त्याला वाटू दे मला पता नाही." मग म्हणाली, "मी मीठ कमी केलं. मला तेवढंच येत होतं."

तेवढ्यात बंटीच्या ड्रमवर ठेका पडला आणि मैदान उसळलं. चोहीकडे पाय आपटत होते, आमच्या खुर्च्या हलत होत्या. आत्या रडत नव्हती. त्या पोरांकडे बघत होती, आणि तिचा चपलेतला पाय खाली ठेका धरून होता. मी मात्र रडले, आणि त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता. तो आईला जपत होता, आई त्याला जपत होती, मी दोघांना जपत होते. तिघांनाही माहीत, आणि घरात कुणी एक शब्द काढला नाही. एकानं जरी काढला असता तर आत्यानं त्याचा हात धरून त्याला घरी बसवलं असतं का? तो बसला असता का? बसून जगला असता का? जन्मभर शाळेतल्या मुलींना सांगत आले की गणिताला उत्तर असतं. याचं मला सापडत नाही, आणि मन शांत झालं असं मी लिहिणार नाही.

हे छापायला देऊ का, असं मी आत्याला विचारलं. तिनं सगळं वाचून घेतलं, दोन ठिकाणी माझं शुद्धलेखन सुधारलं. म्हणाली, दे, पण पोरांना ओरडू नकोस, त्यांनी मनापासून टाळ्या दिल्या. म्हणून ओरडत नाही. पोरांनो, तुम्हाला तो सन्नाटा आवडला, मलाही आवडला होता. पण तो थांबला म्हणून मोठा नव्हता. पुन्हा पाय टाकला म्हणून मोठा होता, पहिल्यांदाही आणि नंतर दर वेळीही. तेवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं.

बंटीनं पाट शब्दाप्रमाणे परत आणून दिला. माईक काढून घेतला, पण चिकटपट्टीचा काळा डाग खालून तसाच आहे. वरच्या बाजूला टाचेच्या जागी लाकूड झिजून थोडं खोलगट झालंय. पोरांना तो काचेच्या पेटीत ठेवायचा होता, आत्यानं साफ नाही म्हटलं. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही. ओट्यापाशी स्टुलावर बसून पोळ्या लाटते तेव्हा पाय पाटावर ठेवते. भजन म्हणत नाही हल्ली. रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाते. ती मला वाढते, मग स्वतःचं ताट घेते. आमटीला अजून मीठ कमीच असतं. मी मागत नाही, ती देत नाही.