दहाचा फ्यूज

जोगेश्वरीला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडच्या गल्लीत गुणाजीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि भिंतीवर टांगलेली वायरींची भेंडोळी. गाडी आली की बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात, गुणाजी आधी माणूस उघडून बघतो. कुठून आलात, गाडी कोणाची, तुमच्या एरियात वायरमन मेलेत का? उत्तरं पटली तर गाडीचा नंबर, माणसाचं नाव आणि कामाचा तपशील वहीत उतरतो, मग पक्कड हातात येते. गल्लीत त्याला सीआयडी म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

हा माणूस जन्मापासून असा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एका गोडबोल्या गिऱ्हाइकानं त्याच्याकडून टेम्पोच्या मागच्या दिव्यांना वेगळा स्विच बसवून घेतला. कशाला, ते गुणाजीनं विचारलं नाही. पुढे तो टेम्पो चोरीच्या मालासकट पकडला गेला आणि स्विच कोणी बसवला हेही त्या गोडबोल्यानं सांगून टाकलं. तीन दिवस गुणाजी चौकीच्या बाकावर बसून होता. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पण टेबलावरच्या वायरलेसमधून एक आवाज खरखरत त्याचं नाव विचारत होता, आणि हवालदार सांगत होता, ग गणपतीचा, ण बाणातला, ज जहाजाचा. आपलं नाव सगळ्या मुंबईभर चोरांच्या यादीत वाचून दाखवताहेत असं त्याला वाटलं. यादीत काही निघालं नाही, त्याला सोडलं. घरी आल्यावर सुगंधानं, म्हणजे बायकोनं, ताट वाढून एवढंच सांगितलं, "ह्याच्याफुडे माणूस बघून कामाक हात लावा." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, गुणाजी तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पीत आला. दुकान दुसरं मांडता येतं, नाव दुसरं कुठून आणायचं, हा त्याचा हिशेब होता.

तर अशा गुणाजीच्या दारात एका दुपारी पांढरी पिकअप येऊन थांबली. चालवणारा पंचेचाळिशीचा, गळ्यात बारीक क्रूस, पायात रबरी चपला. मागचा हौदा धुऊन लख्ख, तरी सुकटीचा वास काही गेला नव्हता.

"रसेल. मनोरीवरनं आलो," तो म्हणाला. "बॅटरीवरनं डायरेक्ट केबिनमध्ये लाइन पायजे, काका. वायरलेस सेट बसवायचाय."

वायरलेस म्हटल्यावर गुणाजीला चौकीतलं ते टेबल आठवलं. चेहरा मात्र त्यानं तसाच ठेवला.

"डायरेक्ट कशाला? चावीवरनं देतो. चावी फिरवली की चालू, काढली की बंद."

"नको. गाडी बंद असली तरी सेट चालला पायजे."

गाडी बंद, दिवे बंद, माणूस आत अंधारात बसलेला, आणि यंत्र चालू. गुणाजीनं हे मनातल्या मनात नीट मांडून बघितलं. कुठल्या सरळ माणसाला हे लागतं?

पुढचं ऐकून तर तो उडालाच. रसेलला निगेटिवची वायरही थेट बॅटरीवरून हवी होती. गेली तीस वर्षं गुणाजी निगेटिव गाडीच्या बॉडीवरून घेत आला होता. पत्र्याला स्क्रू मारला, वायर आवळली, झालं काम. "मागच्या वेळी बॉडीवरनं घेतलं होतं, तर इंजिनची कुईकुई सेटमध्ये यायची," रसेल म्हणाला. त्यानं जाड केबल, जाळीची नळी, वायर जाते त्या भोकात बसवायचा रबरी बुश आणि हिरवा तीस अँपिअरचा फ्यूज, सगळं घरून आणलं होतं. जो माणूस आपलं सामान आपण आणतो त्याला मागे काही खूण ठेवायची नसते, असं गुणाजीचं ठाम मत.

"लायसन दाखवा."

रसेलनं गाडीचं लायसन दाखवलं, मग न विचारता वायरलेसचंही सरकारी लायसन दाखवलं. त्याच्यावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, मिशीवाला, भरल्या गालांचा. गुणाजीनं फोटो बघितला, रसेलकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. टेम्पोवाल्याकडेसुद्धा कागद चोख होते. संशयाला औषध नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

तरी त्यानं काम हातात घेतलं, कारण नाही म्हटलं तर हा दुसरीकडे जाईल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. केबल बॅटरीपासून आत ओढता ओढता त्याचे कान बाहेर होते. रसेल फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आज सातला नेट आहे. कंट्रोल मी करणार, मनोरीतनं. सगळ्यांना सांग, एकेक करून या, मध्ये कोणी घुसायचं नाय."

नेट म्हणजे जाळं. सातला अंधार पडतो. जाळं कशाला टाकणार, आणि मासळीला कंट्रोल कसला? गुणाजीला खाडी दिसली, अंधारातल्या होड्या दिसल्या, आणि गाडीत बसून त्यांना इशारे देणारा रसेल दिसला. मग पंचनामा. मग प्रश्न: ही लाइन कोणी टाकून दिली? ग गणपतीचा.

"हा किती करंट खातो?" त्यानं बॉनेटखालून विचारलं.

"ऐकताना नायच्या बरोबर. बोलताना वीसपर्यंत खेचतो. अँटेना घरी आहे, बोलून तिकडेच बघेन."

गुणाजीनं ड्रॉवर उघडला. त्यातून दहाचा लाल फ्यूज काढला, बॅटरीजवळच्या डबीत बसवला आणि वर काळं झाकण दाबलं. हिरवा तीसचा त्याच्या खिशात गेला. आता सेट ऐकेल, पण बटण दाबून बोलायला गेला की फ्यूज उडेल. रसेलनं सेट लावून बघितला. खरखर आली. "झकास," तो म्हणाला आणि भाईंदरच्या रस्त्याला लागला. मनोरीला गाडी न्यायची तर तोच लांबचा वळसा.

तो गेल्यावर गुणाजीनं शटर अर्धं ओढलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच आपल्या पायांनी चौकीत गेला. जाताना छाती पुढे होती. पायरीवर मात्र चोराच्या मनात चांदणं तशी गत झाली. बाकडं तेच होतं. हवालदार नवा होता, नंदकिशोर नावाचा. गुणाजीनं वही उघडून सगळं सांगितलं, फक्त फ्यूजचं सांगितलं नाही.

नंदकिशोर हसला. "रसेल? मनोरीचा? अहो, मागं पावसात इथले फोन बंद पडले, तेव्हा दोन दिवस हाच माणूस सेट घेऊन या बाकड्यावर बसला होता. आमचे निरोप त्यानं पोचवले."

"मग नेट?"

"सगळे हौशी वायरलेसवाले एका वेळी सेटवर येतात, एकेक करून हजेरी देतात. त्याला नेट म्हणतात. आज वादळाचा सराव आहे. वारा सुटला की मनोरीचे फोन आधी जातात, मग गावाला त्याचाच सेट."

गुणाजी उठला. नंदकिशोर चहा घ्या म्हणाला तरी थांबला नाही. खिशातला हिरवा फ्यूज मांडीला टोचत होता. लाज वाटली, अशी की कान तापले. ज्या बाकड्यावर आपण चोर म्हणून बसलो, त्यावर हा माणूस लोकांच्या कामाला येऊन बसला होता, आणि आपण त्याचीच जीभ बांधून पाठवली. आणि आता काम फसलं तर नाव कोणाचं जाणार? तेच, जे अकरा वर्षं जपलं. फोन करून सांगायचं धाडस झालं नाही. रिक्षा केली, मार्वेची जेट्टी गाठली, फेरीबोटीनं खाडी ओलांडली. पावणेसात वाजले होते.

पिकअप चर्चजवळ उभी होती, वर अँटेनाची लांब काडी. रसेल दार उघडं ठेवून आत बसला होता.

"काका, तुम्ही? इकडे?"

"एक स्क्रू ढिला राहिलाय. आठवलं म्हणून आलो. बॉनेट खोला जरा."

रसेलनं बॉनेट उघडलं. गुणाजीनं अंगाआड करून डबीचं झाकण काढलं. आत हिरवा फ्यूज होता. तीसचा.

त्यानं खिसा चाचपला; दुकानातून आणलेला हिरवा तिथंच होता. मागून रसेलचा हात पुढे आला; तळहातावर लाल फ्यूज होता.

"दुसऱ्यानं केलेलं काम मी नेहमी खोलून बघतो," रसेल म्हणाला. "भाईंदरलाच बघितला, जवळचा जादाचा हिरवा घातला. वाटलं, म्हातारा माणूस, चुकून घातला असेल. पण एवढ्या लांब आलात. म्हणजे चुकून नव्हता."

गुणाजीला खोटं सुचलं नाही. बॉनेटवर हात टेकून त्यानं टेम्पो सांगितला, स्विच सांगितला, तीन दिवस सांगितले आणि वायरलेसवरचा तो आवाजही सांगितला. रसेल रागावला होता. ते दिसत होतं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. "विचारायचं होतं ना, काका," एवढंच तो म्हणाला. मग सात वाजले आणि तो इंजिन चालू करून सेटकडे वळला.

एकेक आवाज येऊ लागला, मुलुंडहून, बोरिवलीहून, पार अलिबागकडून. हजेरी झाली. एक म्हातारा आवाज म्हणाला, "रसेल, आज तुझा आवाज एकदम स्वच्छ. इंजिनची कुईकुई गेली. वायरिंग कोणाकडून केलंस?"

रसेलनं माइक छातीशी धरला आणि गुणाजीकडे बघितलं. "नाव सांगू?"

नको म्हणावं असं गुणाजीच्या तोंडापर्यंत आलं.

"सांगा," तो म्हणाला. "पण फ्यूजचंही सांगा."

रसेलनं बटण दाबलं. "जोगेश्वरीचे गुणाजीकाका. काम पक्कं. फक्त फ्यूज आधी दहाचा घातला होता, मग स्वतः फेरीबोटीनं बदलायला आले."

पलीकडे कोणी तरी हसलं. मग तो म्हातारा आवाज म्हणाला, "नाव परत सांग, लिहून घेतो. माझ्या गाडीचंही करायचंय."

"ग गणपतीचा," रसेल म्हणाला, आणि गुणाजीनं ते शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं.