आबांची काडीपेटी

होळी जवळ आली की आमच्या बेडशाच्या डोंगरावरचं गवत कडक वाळतं आणि कुणी ना कुणी त्याला काडी लावतोच. गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं, ही इथली जुनी समजूत. लावणारा कधी सापडत नाही. म्हणून आम्ही आपले तयारीत असतो. पहाटेच्या दवात घराभोवतीचं गवत आपणच जाळून काळा पट्टा करून घ्यायचा, पिंप भरायचं, भिजवलेली गोणपाटं दाराशी ठेवायची.

माझे वडील, आबा, आणखी एक गोष्ट सांगायचे. डोंगरात वणव्यानं गाठलं तर चढावर पळायचं नाही, आग माणसापेक्षा जोरात चढते. आपल्या वरच्या अंगाचं गवत आपणच पेटवायचं आणि ते जळून पुढं सरकलं की त्या काळ्यात तोंड झाकून बसायचं. “म्हणून खिशात काडीपेटी पायजेच,” असं ते म्हणाले की आई फणकारायची, “बिडीला लय चांगलं निमित्त गावलंय!”

त्या दिवशी मला कारखान्याची सुट्टी होती. आबा सकाळीच गुरं घेऊन वर गेले होते. दुपारी पाखरं एकदम गप्प झाली. मग एक ससा अंगणात आला आणि आमच्या पायांजवळून सावकाश चालत निघून गेला. त्याला आमची भीती वाटली नाही, याचीच मला भीती वाटली. वाळत घातलेल्या कुरडयांवर राख पडायला लागली. आग मात्र कुठंच दिसत नव्हती.

तेवढ्यात घुंगरं वाजली. सगळी गुरं धावत खाली आली. मागे आबा नव्हते.

डोंगराच्या वळणाआडून आगीची तांबडी रेघ बाहेर आली आणि चढ चढायला लागली. इतक्या लांबून तिचा काही आवाज येत नव्हता. मी आईला म्हणालो, “घाबरू नको. आबा काळं करून बसतील.”

आईनं कनवटीला हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. “आरं, काडीपेटी माझ्यापाशी हाय. लय खोकतात म्हणून सकाळी खिशातनं काढून घेतली.”

मला तिचा संताप आला. पण तिच्या तोंडाकडं पाहून मी तिची मूठ परत मिटवली.

मग त्या रेघेच्या बऱ्याच वर एक वेगळा जाळ उठला. मला वाटलं, आगीनं उडी मारली, आता संपलंच. आई त्या जाळाकडं नुसती बघत राहिली. खालची रेघ तिथवर पोचली, मधेच तुटली आणि दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेली.

आग माथ्यापलीकडं गेल्यावर ओली गोणपाटं घेऊन आम्ही वर चढलो. चपलांतून पाय भाजत होते. हाक मारली की तीच हाक समोरच्या कातळावरून परत यायची, जणू वरून कुणीतरी मलाच शोधत होतं. काळ्या राखेत एक जळका बुंधा दिसला. त्याला वळसा घालून पुढं जाणार तोच तो बुंधा खोकला.

ज्या खोकल्यावर आई वर्षभर चिडत होती, तोच. आबांनी डोक्यावरचा टॉवेल काढला, आईला बघितलं आणि पहिला हात कशावर गेला असेल, तर खिशावर.

“दुसरी कुटं दडवली व्हती?” आईनं विचारलं.

“वळचणीला,” आबा चोरासारखे म्हणाले.

आई त्या गरम राखेत बसली आणि त्यांचा हात धरून मोठ्यानं रडली.

आता रोज सकाळी आबा निघाले की ती त्यांचा खिसा तपासते. बिड्या काढून घेते. काडीपेटी कानाशी नेऊन हलवते, आत काड्या वाजल्या की परत त्यांच्या खिशात घालते आणि मगच त्यांना जाऊ देते.