वॉल्टरचं पिस्तूल

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडणं. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, मुलाच्या घरी, खंडेनवमीच्या सकाळी. मी काड्यांबरोबर पानंही टाकत होतो. सुमन म्हणाली, "अहो, भाजी पानांची करतात." हसलो दोघं. त्यानंतर ती थंडीपर्यंत जगली, पण माझ्याबरोबर हसली नाही. का, ते मुलाला ठाऊक नाही, सुनेला नाही. देवापुढे बसतो तेव्हासुद्धा मी ते गिळूनच बसतो. सातवी शिकलेला माणूस मी — धड मांडता येईल की नाही, बघू.

शेजारी वॉल्टर. माझ्याच वयाचा, जुनी पिस्तुलं जमवणारा. मी तिकडे सरकारी शस्त्रकारखान्यात फिटर होतो हे कळल्यापासून तो मला आल्यागेल्यासमोर 'एक्सपर्ट' म्हणून उभा करायचा. या घरात मला कोण काय विचारतं? नातवंडं इंग्रजीत उत्तर देतात आणि पळतात. वॉल्टर विचारायचा. म्हणून मी — नाही. म्हणून काही नाही. आधी पिस्तुलाचं सांगतो.

त्याच्याकडे एक होतं, नव्या जवानांचा हात बसावा म्हणून बनवलेलं. त्यातून खरी गोळी सुटत नाही. नमुन्यादाखल थोडीच बनवली, सैन्याने नापास केली, विषय संपला. आता तसलं शोधून सापडत नाही. वॉल्टरने अर्धं आयुष्य त्याच्या मागे घालवलं होतं. मॅगझिन अडकतंय म्हणून त्याने ते माझ्याकडे आणलं. मी ते लगेच मोकळं केलं. परत द्यायचं होतं की नाही? पण नवमी होती. घरात पूजेला मांडायला हत्यार काय, तर मुलाचा लॅपटॉप आणि एक स्क्रूड्रायव्हर. मी वॉल्टरला म्हटलं, एक दिवस राहू दे. तो आनंदाने हो म्हणाला.

कारखान्यात आमची रीत होती — घासून लखलखीत केल्याशिवाय काही पूजेला लावायचं नाही. हे पिस्तूल काळपट, डागाळलेलं. मुठीवर पांढऱ्या रंगात हाताने घातलेला नंबर. आमच्याकडे असा रंग खराब मालावर मारायचे. देवीसमोर खराब माल मांडू? एमरी पेपर घेतला आणि बसलो.

सुमन म्हणाली, "लोकाची वस्तू आहे. कुंकवाचं बोट लावा आणि ठेवा."

मी म्हटलं, "तुला काय कळतं? जन्म गेला माझा पिस्तुलं घासण्यात."

"मग एकदा माझी कढई घासा की."

मी घासतच राहिलो. नंबर गेला. काळा थर गेला. आतलं पोलाद पांढरं निघालं. मला वाटलं — काय काम केलंय!

दुसऱ्या दिवशी वॉल्टर आला. पिस्तूल बघितलं आणि खुर्चीतच बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं का? तो हळूहळू सांगत होता, मला तुकड्यातुकड्यांनी कळत होतं — तो नंबर, तो जुना थर, हाच त्या नमुन्याचा पुरावा होता. आता ते नुसतं लोखंड. जमवणारे लोक असल्या वस्तूवरची धूळसुद्धा जपून पुसतात म्हणे. हे मला ठाऊक नव्हतं. एक्सपर्टला.

त्याने विचारलं, कुणी केलं?

सुमन ओट्याशी उभी होती. मी तिच्याकडे बोट केलं. म्हटलं, "वाइफ. शी क्लीन. शी नो नॉलेज."

तिला इंग्रजी येत नव्हतं. पण 'वाइफ' कळतं ना? बोट कळतं ना? तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग पदराला हात पुसले, वॉल्टरला हात जोडले आणि म्हणाली, "सॉरी." परक्या माणसाशी ती इंग्रजीत बोललेली मी तेवढंच ऐकलं.

"इट्स ओके, मॅम," तो म्हणाला. मॅम! आधी तो तिला सुमन म्हणायचा, त्याच्या परसातले टोमॅटो आणून द्यायचा. पुढे ते बंद झालं. तीही त्याच्या घरावरून जाईना, फिरायला निघाली की लांबच्या वाटेने जायची. मला मात्र वॉल्टर हात करायचा, मीही करायचो. एकदा तरी मला तोडून बोलली असती! जेवायला वाढायची, गोळ्या काढून द्यायची. बोलायची कामापुरतं.

जानेवारीत तिचं हृदय बंद पडलं. अंत्यविधीला वॉल्टर काळा सूट घालून आला होता. परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, तो वॉल्टर म्हणत होता, पिस्तुलाचं त्याने आईला कधीच माफ केलंय. कसलं पिस्तूल?"

तिला आगीत सोडून येत होतो आम्ही. तिथे तरी माझं तोंड उघडायला हवं होतं की नाही?

मी म्हटलं, "काही नाही रे. तुझ्या आईने चुकून घासलं होतं."

मुलगा डोळे पुसत हसला. म्हणाला, "आई पण ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. बर्फ पडला होता. कोट चढवला, बूट घातले आणि वॉल्टरला खरं सांगायला गेलो. तो दाराशी फावडं घेऊन वाकला होता. मला बघून सरळ झाला, थांबला. मी त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि रस्त्यापर्यंतचा बर्फ काढून दिला. त्याने पाठीवर थोपटलं, थँक यू म्हणाला. मी वेलकम म्हटलं आणि घरी आलो.